प्रतल शरीराशी बांधलेले असते, खोलीशी नाही

प्रश्न असा आहे : "मी पुण्यात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शिकते. सॅजिटल, कोरोनल आणि ट्रान्सव्हर्स या तिन्ही प्रतलांच्या व्याख्या मला पाठ आहेत आणि आकृतीत ती ओळखताही येतात. पण झोपलेल्या रुग्णाचा एमआरआय समोर आला, किंवा अंगठ्याची हालचाल कोणत्या प्रतलात होते असे तोंडी परीक्षेत विचारले, की सगळा गोंधळ होतो. एखादी हालचाल 'अमुक प्रतलात, तमुक अक्षाभोवती' होते म्हणजे नेमके काय, हेही नीट उमगलेले नाही. पाठांतराचा आधार न घेता हे कसे समजून घ्यावे?"

शरीररचनाशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी भेटतो आणि तो हुशार विद्यार्थ्यांकडूनच येतो, कारण इतरांना आकृती पाठ झाली की पुरेसे वाटते. गोंधळाचे मूळ त्या आकृतीतच आहे. पुस्तकातला माणूस उभा असतो, त्याच्यातून काचेचे तीन तावदान आरपार गेलेले दाखवलेले असतात, आणि पाहणाऱ्याच्या मनात नकळत अशी गाठ बसते की जमिनीला समांतर ते ट्रान्सव्हर्स आणि उभे ते सॅजिटल किंवा कोरोनल. माणूस उभा आहे तोवर हे खरे असते. तो आडवा झाला, कुशीवर वळला किंवा खाली डोके वर पाय करून शीर्षासनात गेला, की ही समजूत साफ चुकीची ठरते, कारण प्रतले जमिनीवरून ठरवलेली नाहीत. ती शरीरावरून ठरवलेली आहेत आणि शरीर जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर जातात.

यासाठीच शास्त्राने एक प्रमाण स्थिती मानली आहे : माणूस ताठ उभा, नजर समोर, पाऊले जवळ आणि बोटे पुढच्या दिशेने, हात शरीरालगत खाली सोडलेले आणि तळहात समोर. असे कोणी सहज उभे राहत नाही. सहज उभे राहिल्यावर तळहात मांडीकडे किंवा थोडे मागेच वळतात. तरीही तळहात समोर ठेवण्याला कारण आहे, कारण त्या स्थितीत प्रबाहूतील रेडियस आणि अल्ना ही हाडे एकमेकांवरून न जाता समांतर राहतात आणि 'बाहेरची बाजू', 'आतली बाजू' हे शब्द कोपरापासून मनगटापर्यंत एकाच अर्थाने वापरता येतात. रुग्ण प्रत्यक्षात कसाही पडलेला असो, वर, खाली, पुढे, मागे हे सारे शब्द तो या प्रमाण स्थितीत उभा आहे असे मानूनच वापरायचे असतात. पलंगावर उताण्या झोपलेल्या रुग्णाचे नाक छताकडे असते, पण ते त्याच्या डोक्याच्या 'वर' नसते, 'पुढे' असते.

आता तीन प्रतले. शरीराला उजव्या आणि डाव्या भागांत विभागणारे ते सॅजिटल. त्यांतले नेमके मध्यातून जाणारे एकच असते आणि त्याला मध्य प्रतल म्हणतात, बाकीची त्याला समांतर असतात. पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणारे ते कोरोनल. वरचा आणि खालचा भाग वेगळा करणारे ते ट्रान्सव्हर्स, ज्याला स्कॅनच्या भाषेत अॅक्सियल म्हणतात. तिन्ही एकमेकांना लंब असतात. एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात : मध्य प्रतल एकच असले, तरी कोरोनल आणि ट्रान्सव्हर्स प्रतले असंख्य असतात. कपाळातून जाणारे कोरोनल आणि कानांतून जाणारे कोरोनल ही दोन वेगळी प्रतले असून त्यांत दिसणारी रचना पूर्ण वेगळी असते. म्हणून 'कोरोनल छेद' एवढेच सांगून भागत नाही. कोणत्या पातळीवरचा, हे सांगावेच लागते. आणि मध्य प्रतलाने होणारे दोन अर्धे भाग बाहेरूनच सारखे दिसतात. आत यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे आणि हृदयाचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे असतो.

प्रतल शरीराशी बांधलेले आहे हे मनात पक्के बसवणारे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे पाठीतून पाणी काढणे, म्हणजे लंबर पंक्चर. यात रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. या स्थितीत त्याचे मध्य प्रतल पलंगाला समांतर, म्हणजे आडवे झालेले असते. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांची सर्वांत उंच टोके जोडणारी रेषा, जी उभ्या माणसात जमिनीला समांतर असते आणि जी साधारण कमरेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवरून जाते, ती आता उभी दिसते. डॉक्टर त्या रेषेच्या आधाराने तिसऱ्या आणि चौथ्या किंवा चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली जागा शोधतात आणि सुई मध्य प्रतलातच राहील, म्हणजे या वेळी जमिनीला समांतर राहील, अशी किंचित बेंबीच्या रोखाने आत नेतात. सुई छताकडे किंवा गादीकडे झुकली की ती मध्य प्रतल सोडून बाजूला जाते आणि हाडावर अडते. रुग्णाचा वरचा खांदा पुढे कलंडला तर त्याचे मध्य प्रतलही कलंडते, म्हणून अनुभवी डॉक्टर सुई हातात घेण्यापूर्वी रुग्णाचे खांदे आणि कंबर बराच वेळ सरळ करत बसतात. बघणाऱ्याला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात सगळे कौशल्य तिथेच खर्च होत असते.

याच दृष्टीने स्कॅनकडे पाहा. सीटी किंवा एमआरआयमध्ये रुग्ण बहुधा उताणा असतो, त्यामुळे त्याचे कोरोनल प्रतल टेबलाला समांतर होते आणि ट्रान्सव्हर्स प्रतल भिंतीसारखे उभे राहते. सीटी यंत्राच्या गोल कड्याचे प्रतल तेच. अॅक्सियल प्रतिमा रुग्णाच्या पायांकडे उभे राहून डोक्याकडे पाहिल्याप्रमाणे मांडण्याचा संकेत आहे. म्हणून रुग्णाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते आणि पोटाच्या छेदात यकृत प्रतिमेच्या डावीकडे दिसते. कोरोनल प्रतिमा रुग्णाच्या समोर उभे राहून पाहिल्याप्रमाणे असते, त्यामुळे तिथेही उजवे-डावे तसेच उलटते. छातीच्या साध्या एक्स-रेचा संकेतही हाच आहे. सॅजिटल प्रतिमेत चेहरा किंवा पोट सहसा प्रतिमेच्या डावीकडे असते, जणू तुम्ही रुग्णाच्या डाव्या कुशीला उभे आहात. इथे एक धोका आहे. सॅजिटल छेद एकटा पाहिला तर तो उजव्या गुडघ्याचा की डाव्या, किंवा मध्यरेषेच्या कोणत्या बाजूचा, हे त्या प्रतिमेतील रचनेवरून बऱ्याचदा कळतच नाही. त्यासाठी छेदांचा क्रम आणि सोबतच्या लहान मार्गदर्शक प्रतिमेवर आखलेल्या रेषा पाहाव्या लागतात. रुग्ण फिल्मचे मोठे पाकीट घेऊन आला की विद्यार्थी थेट मोठ्या चित्रांकडे झेप घेतात आणि कोपऱ्यातली ती लहान प्रतिमा दुर्लक्षित राहते. सवय उलटी हवी.

अॅक्सियल छेदालाच इतके महत्त्व का आले, याला इतिहास आहे. सीटी स्कॅनरने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला तो लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात, १ ऑक्टोबर १९७१ रोजी. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या त्या यंत्रात क्ष-किरणांचा स्रोत डोक्याभोवती फिरत असल्यामुळे मिळणारा छेद शरीराच्या दृष्टीने आडवाच, म्हणजे ट्रान्सव्हर्स असे. या शोधासाठी हाउन्सफील्ड आणि अॅलन कॉरमॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले. पुढे अतिशय पातळ छेद घेऊन संगणकाने त्यांतून हव्या त्या प्रतलाची प्रतिमा रचणे शक्य झाले. एमआरआयची गोष्ट मुळातच वेगळी आहे : तिथे तीन दिशांच्या चुंबकीय ग्रेडियंटचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या चढ-उताराचे, प्रमाण बदलून कोणतेही तिरके प्रतल थेट निवडता येते, रुग्णाला हलवावे लागत नाही. अमेरिकेतील व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पात १९९४ मध्ये उपलब्ध झालेले पुरुषदेहाचे छेदही आडवेच होते, एकेक मिलिमीटर अंतराने घेतलेले, एकूण १८७१.

कोणता छेद कधी उपयोगी, हे पाठ करण्यापेक्षा एक नियम समजून घ्यावा : जी पातळ रचना छेदाच्या प्रतलाला समांतर असते, ती त्या छेदात नीट दिसत नाही, ती पाहायची तर तिला लंब असणारे प्रतल निवडावे. डोळ्याच्या खोबणीचा तळ हा कागदासारखा पातळ आणि जवळजवळ आडवा असतो. दुचाकीवरून पडून गालाला मार लागलेला रुग्ण आपल्या शहरात दुर्मीळ नाही, आणि अशा रुग्णात हा तळ मोडून आतली चरबी किंवा स्नायू खाली अडकला असेल तर अॅक्सियल छेदात ते सहज निसटते. कोरोनल आणि सॅजिटल छेदांत लगेच दिसते. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या सुळक्याच्या बुडाशी होणारा आडवा अस्थिभंग याच कारणाने अॅक्सियल छेदांच्या मधल्या जागेत हरवू शकतो. कमरेच्या एमआरआयमध्ये चकती मागे किती सरकली ते सॅजिटल दाखवते. ती मज्जातंतूच्या उजव्या मुळावर दाबते आहे की डाव्या, हे अॅक्सियल सांगते. आणि कमरेचा पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामधली चकती इतकी तिरपी बसलेली असते की तिथला उपयुक्त 'अॅक्सियल' छेद शरीराच्या ट्रान्सव्हर्स प्रतलात घेत नाहीत, चकतीच्या कलाप्रमाणे तिरका घेतात.

तिरक्या छेदाचा आणखी एक परिणाम ओळखून असावे. काकडी तिरकी कापली की चकती गोल न येता लांबट येते. तिरकी जाणारी महाधमनी सरळ आडव्या छेदात पाहिली तरी असेच होते. धमनीचा खरा व्यास ४ सेंटीमीटर असेल आणि ती छेदाला ४५ अंशांनी तिरपी असेल, तर त्या लंबगोलाचा मोठा व्यास सुमारे ५.७ सेंटीमीटर भरतो, लहान व्यास मात्र ४ च राहतो. पोटातील महाधमनीचा फुगवटा ३ सेंटीमीटरपासून मानतात आणि पुरुषांमध्ये ५.५ सेंटीमीटरला शस्त्रक्रियेचा विचार होतो, हे ध्यानात घेतले तर चुकीच्या प्रतलात घेतलेले माप रुग्णाला कुठे नेऊन ठेवेल ते समजेल. म्हणूनच रक्तवाहिनीचा व्यास तिच्या स्वतःच्या अक्षाला लंब असलेल्या प्रतलात मोजतात.

आता तुमच्या विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे हालचालींकडे वळू. फिरणारी प्रत्येक वस्तू कशाभोवती तरी फिरते. ज्या रेषेभोवती फिरते तो अक्ष आणि त्या वस्तूवरचा बिंदू ज्या सपाटीत वर्तुळाचा भाग काढतो ते प्रतल. हे दोन्ही नेहमी एकमेकांना लंब असतात, त्यामुळे एक कळले की दुसरे वेगळे पाठ करावे लागत नाही. कोपर वाकवताना मनगट पुढे आणि वर जाते, म्हणजे सॅजिटल प्रतलात फिरते. अक्ष मात्र कोपराच्या आरपार, आतून बाहेर जातो. हात बाजूला उचलताना तो कोरोनल प्रतलात जातो आणि अक्ष पुढून मागे असतो. मान नकारार्थी हलवताना नाकाचे टोक ट्रान्सव्हर्स प्रतलात फिरते आणि अक्ष उभा असतो. कोणतीही नवी हालचाल समोर आली की आधी अक्ष कुठून जातो ते शोधावे. कोणत्या दिशेने पाहिल्यावर हा अवयव फक्त गोल फिरताना दिसतो, पुढे-मागे सरकताना दिसत नाही, असा प्रश्न स्वतःला विचारला की अक्ष सापडतो, कारण त्या वेळी तुमची नजर त्या अक्षाच्या रोखानेच गेलेली असते.

सूर्यनमस्काराचे एक आवर्तन या नजरेने पाहा. हात वर, कमरेतून पुढे वाकणे, एक पाय मागे, दोन्ही पाय मागे, अष्टांग, भुजंगासन, पर्वतासन आणि परत. जवळजवळ सगळे सॅजिटल प्रतलात घडते. बाजूला झुकणे किंवा कण्याला पीळ देणे त्यात नाहीच म्हटले तरी चालेल. पुण्यात हे लिहिणे थोडे धाडसाचे आहे, पण रोज केवळ सूर्यनमस्कार घालणाऱ्याच्या खुब्याच्या बाजूच्या स्नायूंना आणि छातीच्या मणक्यांच्या वळण्याला त्यातून फारसे काम मिळत नाही, हे मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतो. ती उणीव त्रिकोणासन आणि वक्रासन भरून काढतात. १९३७ पासून पुण्यात शिकवलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतले शिक्षक त्रिकोणासन भिंतीला पाठ लावून करून घेतात, तेव्हा धड कोरोनल प्रतल सोडून पुढे कलंडत तर नाही ना, हे ती भिंत तपासत असते. वक्रासनात धड उभ्या अक्षाभोवती वळते, आणि तिथे शरीररचनेची एक सुंदर बाब दिसते. छातीच्या मणक्यांमधल्या लहान सांध्यांचे पृष्ठभाग साधारण कोरोनल दिशेने असल्यामुळे तिथे वळणे सोपे जाते. कमरेच्या मणक्यांत ते सॅजिटलच्या जवळ असतात, त्यामुळे तिथे पुढे-मागे वाकता येते पण वळणे जेमतेम काही अंशांचे. म्हणून 'कमरेतून पीळ द्या' ही सूचना शब्दशः पाळणे कमरेला शक्यच नाही. पीळ छातीतून आणि मानेतून येतो. मानेच्या वळण्यापैकी सुमारे निम्मे तर पहिल्या दोन मणक्यांमधल्या सांध्यातच होते.

पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला बाजूने पाहिले तर खुबा, गुडघा आणि घोटा यांची वाकण्या-सरळ होण्याची, म्हणजे सॅजिटल प्रतलातली हालचाल दिसते. त्यालाच मागून पाहिले तर वेगळी गोष्ट कळते : एक पाय उचलला की त्या बाजूचे कटिर खाली पडू पाहते आणि उभ्या पायाकडचे ग्लुटियस मीडियस व मिनिमस हे स्नायू ते सावरून धरतात. हे सारे कोरोनल प्रतलात चालते. हे स्नायू दुबळे असतील तर कटिर झोल्यासारखे खाली जाते, ज्याला ट्रेंडेलेनबर्ग चिन्ह म्हणतात, आणि बाजूने कितीही वेळ निरीक्षण केले तरी ते दिसणार नाही. कोठे उभे राहून पाहायचे हा निर्णय प्रतल ठरवते. चालण्याचे परीक्षण शिकवताना मी विद्यार्थ्यांना रुग्णाबद्दल काही विचारण्याआधी त्यांच्या उभे राहण्याच्या जागेबद्दल विचारतो.

आता अंगठा. इतर चार बोटांची नखे पाहा आणि मग अंगठ्याचे नख पाहा. प्रमाण स्थितीत बोटांची नखे मागे तोंड करून असतात, अंगठ्याचे साधारण बाहेरच्या बाजूला. म्हणजे अंगठा स्वतःच सुमारे काटकोनात वळून बसलेला आहे आणि त्याची प्रतलेही त्याच्याबरोबर वळली आहेत. बोटे सॅजिटल प्रतलात मिटतात. अंगठा तळहातावरून आडवा, तळहाताला समांतर सरकत मिटतो, म्हणजे कोरोनल प्रतलात. बोटे एकमेकांपासून फाकतात ती कोरोनल प्रतलात. अंगठा तळहातापासून दूर, समोरच्या दिशेने उचलला जातो, म्हणजे सॅजिटल प्रतलात. हा 'अपवाद' नाही, नियम तोच आहे, फक्त अवयव फिरलेला आहे. तपासणीत याचा थेट उपयोग होतो. मीडियन मज्जातंतूची ताकद पाहताना रुग्णाचा हात टेबलावर उताणा ठेवून, अंगठ्याच्या वर पेन धरून, अंगठा छताकडे उचलून पेनाला लावायला सांगतात. अंगठा बाजूला पसरवून दाखवणारा रुग्ण दुसऱ्याच, म्हणजे रेडियल मज्जातंतूच्या स्नायूंचा वापर करतो, आणि परीक्षकाला प्रतल ठाऊक नसेल तर तो मीडियन मज्जातंतू शाबूत असल्याचे लिहून मोकळा होतो. जाता जाता : बोटे फाकणे-मिटणे मोजताना शरीराचे मध्य प्रतल धरत नाहीत, हातात मधल्या बोटाची रेषा आणि पायात दुसऱ्या बोटाची रेषा धरतात.

गुडघा मागे वाकतो आणि कोपर पुढे, तरी दोन्हीला 'वाकणे' एकच शब्द का, असेही पुष्कळ जण विचारतात. गर्भावस्थेत हात बाहेरच्या दिशेने आणि पाय आतल्या दिशेने सुमारे ९० अंशांत फिरतात. त्यामुळे मूळ एकाच बाजूचे स्नायू हातात पुढे आले आणि पायात मागे गेले. प्रतल दोन्हीकडे सॅजिटलच राहते.

खरे तर शरीरातले फार थोडे सांधे या तीन प्रतलांशी इमानदारीने वागतात. कोपराचा अक्ष किंचित तिरपा असतो, म्हणून हात सरळ केला की प्रबाहू ५ ते १५ अंशांनी बाहेर झुकतो. खांद्याचे पाते कोरोनल प्रतलाच्या पुढे ३० ते ४० अंशांनी वळलेले असते, त्यामुळे हात अगदी बाजूने उचलण्यापेक्षा थोडा पुढून, पात्याच्या प्रतलात उचलणे खांद्याला सोयीचे जाते, आणि दुखऱ्या खांद्याचे व्यायाम आपण तिथूनच सुरू करतो. घोट्याखालच्या सबटेलर सांध्याचा अक्ष तर तिन्ही प्रतलांना तिरका आहे. तिथे पाऊल आत वळवणे ही एकच हालचाल तिन्ही प्रतलांत थोडी थोडी घडते. तीन प्रतले ही मोजण्यासाठी आखलेली चौकट आहे, सांध्यांनी तिचा करार केलेला नाही.

नावाची आडवी प्रतले इथे थोडक्यात सांगतो, कारण परीक्षेत ती येतात. उरोस्थीवर गळ्याच्या खाचेपासून दोन-तीन बोटे खाली लागणाऱ्या उंचवट्यातून जाणारे प्रतल छातीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीवर पोहोचते. तिथेच दुसऱ्या बरगडीची कूर्चा जोडलेली असते, महाधमनीची कमान सुरू होते आणि संपते, आणि श्वासनलिका दुभंगते. गळ्याच्या खाचेपासून जघनास्थीच्या वरच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या मध्यावर ट्रान्सपायलोरिक प्रतल असते, साधारण कमरेच्या पहिल्या मणक्याच्या खालच्या कडेशी. स्वादुपिंडाची मान, मूत्रपिंडांची द्वारे, पित्ताशयाचे टोक आणि वरच्या आंत्रधमनीचा उगम यांचा शोध तिथे घ्यावा. मात्र हाडावरून आखलेले प्रतल स्थिर असते आणि आतले अवयव स्थिर नसतात. माणूस उभा राहिला की ज्या पायलोरसवरून, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडावरून, या प्रतलाला नाव पडले तोच खाली घसरतो, आणि दीर्घ श्वासाबरोबर मूत्रपिंडेही खाली-वर होतात.

शस्त्रक्रियागृहात सर्जन 'प्लेन सापडले' असे म्हणतात, तेव्हा मात्र ते या तीन प्रतलांबद्दल बोलत नसतात. दोन थरांमधली, रक्तस्राव न होता बोटाने उलगडता येणारी जागा त्यांना अभिप्रेत असते, आणि ती बहुधा वाकडीतिकडी असते. प्रतलाने शरीर कापले जाते, थराने ते उलगडते. सुश्रुतांनी सांगितलेली, देह वाहत्या पाण्यात भिजवून कुंच्याने त्वचेपासून आत एकेक थर खरवडत जाण्याची पद्धत ही उलगडण्याची होती. रशियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात निकोलाय पिरोगोव्ह यांनी गोठवलेले देह करवतीने तिन्ही दिशांनी कापून आकृत्या काढल्या, ती कापण्याची. विच्छेदन कक्षात तुम्ही पहिले शिकता आणि स्कॅनवर दुसरे वाचता, म्हणून दोन्ही ज्ञान आपोआप जुळत नाही. एखादा स्नायू उलगडून पाहिला की त्याच दिवशी त्याच भागाचा अॅक्सियल छेद उघडून तो स्नायू शोधावा.

शेवटी तुमच्या रोजच्या कामातल्या दोन जागा. सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर लावताना त्याचा खिळा सांध्याच्या अक्षावर आणि दोन्ही पट्ट्या हालचालीच्या प्रतलात हव्यात. खुबा बाजूला नेण्याचे माप घेताना रुग्णाने नकळत मांडी पुढे उचलली, तर मिळालेला अंक दोन प्रतलांतल्या हालचालींची बेरीज असतो आणि पुढच्या भेटीतल्या अंकाशी त्याची तुलना करता येत नाही. दुसरी जागा पाठीच्या कण्याची. कुबड सॅजिटल प्रतलात असते, ते बाजूने पाहावे. स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूला पडणारा बाक, मागून, कोरोनल प्रतलात दिसतो आणि त्याचा कॉब कोन त्याच दिशेच्या एक्स-रेवर मोजतात; १० अंश किंवा त्याहून अधिक असला तर निदान होते. पण त्यात मणके उभ्या अक्षाभोवती वळलेलेही असतात, आणि ते वळणे या एक्स-रेवरच्या कोनात उतरत नाही. त्यासाठी मुलाला पुढे वाकायला सांगून पाठीच्या रेषेत मागून पाहतात. एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसल्या तर ट्रान्सव्हर्स प्रतलातली विकृती डोळ्यांसमोर येते. अहवालात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात, कारण ब्रेसमुळे किंवा व्यायामामुळे कोन कमी झाला तरी वळणे त्याच प्रमाणात कमी झालेले असेलच असे नाही.